कुस्ती, पट आणि पडदा

सर्वांत श्रेष्ठ क्रीडाचित्रपट कोणता, हा वाद आपल्याकडे बहुधा 'लगान'पासून सुरू होतो आणि 'दंगल'पाशी येऊन आवाज चढतो. मध्येच कोणीतरी 'चक दे! इंडिया'ची बाजू लावून धरतो, आणि 'रॉकी'ला १९७६ सालच्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर मिळाल्याची आठवण करून देणारा एकजण प्रत्येक टोळक्यात असतोच. वाद रंगतो, पण या चित्रपटांचे पूर्वज कोण, हे सहसा कोणी विचारत नाही. चंद्रपूर-गडचिरोलीकडून पाहिलं तर हा प्रश्न फार सोपा होतो, कारण तिथे खेळ आणि नाटक अजूनही एकाच गावाच्या एकाच उत्सवात भेटतात.

आधी पडद्याची वंशावळ पाहू. हलतं चित्र जन्मालाच आलं ते एका शर्यतीच्या घोड्यामुळे. धावताना घोड्याचे चारही पाय एका क्षणी जमिनीवरून सुटतात का, हे पाहण्यासाठी १८७८च्या जूनमध्ये एडवर्ड मायब्रिजने कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टो इथे धावपट्टीलगत ओळीने कॅमेरे मांडले. पाय सुटतात, हे सिद्ध झालं. पुढे १७ मार्च १८९७ रोजी नेवाडातल्या कार्सन सिटीत कॉर्बेट आणि फिट्झसिमन्स यांची मुष्टियुद्धाची लढत झाली, चौदाव्या फेरीत कॉर्बेट पडला आणि ही सगळी लढत फिल्मवर उतरली. लांबी दीड तासाहून जास्त. जगातला पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट म्हणून इतिहासकार हिचंच नाव घेतात. तेव्हा कथापटाची लांबी काही मिनिटांपलीकडे गेलेली नव्हती. लोक इतका वेळ अंधारात बसून राहतील हा विश्वास गोष्टीने दिला नाही, मारामारीने दिला.

आपल्याकडेही तेच झालं, आणि ते एका मराठी माणसाच्या हातून. ल्युमिएर बंधूंच्या फिल्म मुंबईत वॉटसन हॉटेलात ७ जुलै १८९६ रोजी दाखवल्या गेल्या. त्या पाहून हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावेदादा, यांनी इंग्लंडहून कॅमेरा मागवला. १८९९ मध्ये त्यांनी मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये पुंडलिकदादा आणि कृष्णा न्हावी या दोन पैलवानांची कुस्ती चित्रित केली आणि फिल्म धुवायला लंडनला पाठवली. भारतीय माणसाने काढलेल्या अगदी पहिल्या फिल्ममध्ये तिची गणना होते. दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' त्यानंतर चौदा वर्षांनी, १९१३ मध्ये आला. म्हणजे आपल्या पडद्यावर राजा हरिश्चंद्राच्या आधी पैलवान उतरले. क्रीडाचित्रपटाला सिनेमाची एक फांदी समजून जे वाद घालतात, त्यांनी झाड उलटं धरलेलं आहे.

आता झाडीकडे, म्हणजे चंद्रपूर-गडचिरोलीच्या या पट्ट्याकडे. ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही, आरमोरी, कुरखेडा हा धानाचा मुलूख. दिवाळीच्या सुमारास धान कापणीला येतं, मग मळणी होते, हातात चार पैसे येतात, शेतं मोकळी होतात. मग मंडई, म्हणजे गावची जत्रा, भरते, पुढे शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यती, भरतात आणि होळीपर्यंत नाटकांचा हंगाम चालतो. पटाला दिवसा दूरदूरच्या बैलजोड्या येतात. जोडीचा मालक, जोडी हाकणारा, त्यांच्यासोबत आलेले गाववाले आणि पट पाहायला आलेले पाहुणे, अशी सगळी गर्दी गावात उतरते. घरोघरी सोयरे मुक्कामाला असतात, बोलता बोलता लग्नंही जुळतात. एवढ्या माणसांनी रात्री करायचं काय? त्यांच्यासाठी नाटक. गावातलं मंडळ वडशाला, म्हणजे देसाईगंजला जातं, तिथल्या कंपनीची तारीख घेतं, मंडप उभारतं, तिकिटं विकतं. रात्री दहाच्या सुमारास पडदा उघडतो आणि पहाटे पडतो.

झाडीपट्टी रंगभूमीबद्दल लिहिणारे दंडार, खडी गंमत, तमाशा या लोककलांत तिची मुळं सांगतात, आणि ते खरंच आहे. पण तिची प्रेक्षकसंख्या कुठून आली, हा प्रश्न वेगळा आहे, आणि त्याचं उत्तर बऱ्याच अंशी पटाच्या धावपट्टीवर मिळतं. दिवसभर ज्याने जोडीवर जीव टांगला, जिंकणाऱ्याबरोबर आरोळी दिली, हरणाऱ्याची हळहळ केली, तोच माणूस रात्री मंडपात येऊन बसतो. त्याला संथ, हळुवार संवादांचं नाटक चालत नाही. त्याला हार-जीत हवी, खलनायक हवा, मध्ये हसवणारा हवा, गाणं हवं आणि शेवटी निकाल हवा. पुण्या-मुंबईचे समीक्षक याला भडकपणा म्हणतात. म्हणोत. या मंडपाने कुरखेडा तालुक्यातल्या गुरनोलीच्या परशुराम खुणे यांच्यासारखा नट घडवला आणि २०२३ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

मध्यंतरी या जोडगोळीतला एक गडी बाद झाला होता. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यतींवर बंदी घातली. १६ डिसेंबर २०२१ला महाराष्ट्रात त्या अटींसह पुन्हा सुरू करायला परवानगी मिळाली, आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. मधली साताठ वर्षं पट बंद होते, त्यामुळे नाटकं मात्र थांबली नाहीत. लेकराने बोट सोडलं तरी चालता येतं, हे त्यात दिसलं. बैलांना टोचण्या, विजेचा धक्का असले प्रकार होत होते, म्हणून न्यायालयाला हात घालावा लागला, हे मात्र पटाच्या प्रेमात पडून विसरता कामा नये.

या चष्म्यातून जुने वाद पाहिले की क्रम बदलतो. बी. आर. चोप्रांचा 'नया दौर' (१९५७) क्रीडाचित्रपटांच्या यादीत कोणी धरत नाही. पण त्याचा शेवट काय आहे? टांगा आणि बस यांची शर्यत. गावाने राबून केलेला रस्ता, पणाला लागलेली पोटाची भाकरी आणि धावणारं जनावर. 'लव्ह मॅरेज'मध्ये (१९५९) देव आनंद क्रिकेटपटू आहे, पण तिथे खेळ नायकाला रुबाब देण्यापुरता येतो. १९८४चा 'हिप हिप हुर्रे' हा प्रकाश झा यांचा पहिला कथापट, शाळेतल्या फुटबॉलवरचा, आजही ताजा वाटतो. तरी वंश पुढे चालवला तो 'लगान'ने (२००१). १८९३ साल, पावसाची वाट पाहणारं गाव, शेतसाऱ्याची पैज आणि तीन दिवसांचा सामना. आशुतोष गोवारीकरांनी 'नया दौर'मधली शर्यत काढून तिथे क्रिकेट ठेवलं, असं म्हटलं तर त्यात त्यांचा अपमान नाही, उलट घराणं सांगितल्यासारखं होतं. पावणेचार तासांचा सिनेमा लांब आहे, अशी तक्रार शहरात झाली. रात्रभर नाटक पाहणाऱ्याला तो आटोपशीरच वाटणार.

'दंगल' मला त्याच्या खालचा वाटतो. कुस्त्या उत्तम घेतल्या आहेत, त्या पाहताना सावेदादा आठवतात, पण शेवटच्या लढतीच्या वेळी बापाला खोलीत कोंडून ठेवण्याची युक्ती वडशाच्या कुठल्याही लेखकाने केली असती तर आपणच तिला हसलो असतो.

दुसरी एक शाखा आहे, जिथे निकाल मैदानात लागतच नाही. तिग्मांशू धुलियांचा 'पान सिंग तोमर' (२०१२) तिचा मेरू. अडथळ्यांच्या शर्यतीतला राष्ट्रीय विजेता, फौजी माणूस, जमिनीच्या तंट्यात पोलीस दाद देत नाहीत म्हणून बंदूक उचलतो आणि १९८१ मध्ये चकमकीत मारला जातो. बंदूक का उचलली जाते, हा प्रश्न ज्यांच्या दारापर्यंत आला, त्या गडचिरोलीच्या लोकांना हा चित्रपट चंबळचा वाटणार नाही. याच शाखेतला आपला, विदर्भातला चित्रपट म्हणजे नागराज मंजुळे यांचा 'झुंड' (४ मार्च २०२२). नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजातले क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी वस्तीतल्या मुलांना घेऊन उभ्या केलेल्या फुटबॉलवर तो बेतला आहे. लोक त्यातला अमिताभ लक्षात ठेवतात. मी मात्र रिंकू राजगुरूची मोनिका लक्षात ठेवतो. ही आदिवासी मुलगी खेळात निवडली जाते आणि परदेशी जायला पासपोर्ट हवा, म्हणून बापाबरोबर आपण कोण याचा कागद मिळवायला वणवण फिरते. गोल मारण्यापेक्षा अवघड खेळ तोच आहे, हे जंगलपट्टीतल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही.

तेव्हा माझा कौल असा: मैदानातल्या निकालाचा सर्वांत मोठा चित्रपट 'लगान', मैदानाबाहेरच्या निकालाचा 'पान सिंग तोमर', आणि 'झुंड' त्याच्या अगदी जवळ.

राहिली एक गोष्ट, आणि ती वडशाच्या लेखकांसाठी आहे. २५ मे २०१४ रोजी तेलंगणातली मालावथ पूर्णा चौदा पूर्ण व्हायच्या आत एव्हरेस्टवर पोचली आणि २०१७ मध्ये राहुल बोस यांनी तिच्यावर 'पूर्णा' काढला. पुढच्याच वर्षी, मे २०१८ मध्ये, 'मिशन शौर्य' या मोहिमेतून चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांचे पाच आदिवासी विद्यार्थी त्याच शिखरावर उभे राहिले. आश्रमशाळेचं वसतिगृह, घरच्यांची भीती, निवड, बर्फ आणि पाच जणांचं परतणं, असे पाच अंक तयारच आहेत. मुंबईच्या निर्मात्याची वाट कशाला पाहायची? येत्या हंगामात हे नाटक मंडपात आणा, तिकीट काढून पाहायला गाव येईल.