नटाच्या भेटीला

गेल्या श्रावणात सांगलीहून दादाचा फोन आला. आवाजावरूनच कळलं की घरात काहीतरी बिनसलंय. "तुझ्या पुतणीला सोलला जायचंय," तो म्हणाला. "सोल म्हणजे कोरियातलं. तिथला कुणी नट आहे, त्याचा चाहत्यांना भेटण्याचा कार्यक्रम असतो म्हणे. दोन वर्षं पगारातून पैसे साठवलेत तिनं. तू जन्मभर इतिहास शिकवलास ना? मग तूच सांग तिला. नटाला भेटायला परदेशी जायचं, असलं खूळ आपल्याकडे कधी कुणी केलं होतं का?"

दादाचा प्रश्न रागाचा होता, पण मास्तराच्या कानाला तो परीक्षेतल्या प्रश्नासारखा ऐकू आला. खरंच, कुणी केलं होतं का? आमच्या घराण्याचं सोडा. सातारा-सांगलीच्या या कृष्णाकाठच्या मुलखात तरी? पुढचे दोन महिने मी जुनी पुस्तकं काढून बसलो. पुतणीला समजावायचं काम राहूनच गेलं.

साताऱ्याहून समुद्रापार गेलेला ठळक माणूस शोधायचा तर रंगो बापूजींपाशीच थांबावं लागतं. 1839 साली इंग्रजांनी प्रतापसिंह महाराजांना गादीवरून काढलं आणि काशीला पाठवलं. त्यांची बाजू मांडायला रंगो बापूजी लंडनला गेले ते जवळजवळ चौदा वर्षं तिथेच राहिले. ज्यांच्यासाठी गेले ते महाराज 1847 साली वारले, पुढच्या वर्षी राज्यही खालसा झालं, तरी हे अर्ज करतच होते. 1853 साली ते रिकाम्या हातानं परत निघाले. त्यांनाही भेटच हवी होती, पण नटाची नव्हे, न्याय देऊ शकणाऱ्याची. पुढेही विलायतेला जाणारा मराठी माणूस बॅरिस्टरी, सिव्हिल सर्व्हिस, डॉक्टरी अशा कामालाच जात राहिला. परतल्यावर प्रायश्चित्त घ्यावं की नाही यावर वर्तमानपत्रांत रणं माजत. मग नट बघायला कोण जाणार?

पण जाण्याची गरज तरी कुठे होती? आमच्या मुलखात नट पाहायला माणूस निघत नसे, कारण नटच निघून येत असे. 1842 च्या सुमारास उत्तर कानड्यातली भागवतांची मंडळी सांगलीला आली. आज तो प्रवास एका रात्रीचा वाटतो. तेव्हा तो घाट चढून, दुसऱ्या भाषेच्या मुलखातून, संस्थानांच्या हद्दी ओलांडत केलेला प्रवास होता. चिंतामणराव अप्पासाहेब पटवर्धनांनी त्यांचा खेळ पाहिला आणि पदरच्या विष्णुदास भाव्यांना सांगितलं की असलंच, पण याहून नीटस, आपल्या भाषेत करा. त्यातून 1843 साली 'सीतास्वयंवर' उभं राहिलं. मराठी नाटकाचा जन्म सांगलीत झाला हे आम्ही छाती फुगवून सांगतो. पण त्या जन्माच्या आधी परमुलखातले नट आमच्या दारी येऊन गेले होते, हे सांगताना आमचा आवाज जरा उतरतो.

1851 साली अप्पासाहेब गेले आणि दरबाराचा आश्रय आटला. मग भाव्यांची मंडळी बाहेर पडली. 1853 साली ते मुंबईत खेळ करत होते. त्याच एप्रिलात बोरीबंदर ते ठाणे पहिली आगगाडी धावली. म्हणजे सांगलीकर मुंबईला पोचले ते आगगाडीवाचूनच. (रंगो बापूजी लंडन सोडतात आणि भावे मुंबई गाठतात ती वर्षं एकच. यातून काही सिद्ध होत नाही, पण दोन्ही माणसं आमच्याच जिल्ह्यांतली म्हणून नोंदवून ठेवतो.) नट फिरस्ता झाला तो तेव्हापासून, आणि प्रेक्षक आपल्या गावी बसून वाट पाहू लागला.

आता थोडं इंग्लंडकडे वळतो. 1874 साली लंडनच्या लायसियम थिएटरात हेन्री आयर्व्हिंगनं हॅम्लेट केला आणि तो सलग 200 रात्री चालला. त्या नटाला पाहायला लोक कुठून कुठून येत. आमच्याकडे हॅम्लेट पोचला तो वेगळ्याच वाटेनं, तुरुंगातून. कऱ्हाडजवळच्या टेंभूचे गोपाळ गणेश आगरकर 1882 साली कोल्हापूर प्रकरणात टिळकांबरोबर डोंगरीच्या तुरुंगात 101 दिवस होते. त्या कोठडीत त्यांनी हॅम्लेटचं भाषांतर हाती घेतलं. 'विकारविलसित' या नावानं ते पुढच्या वर्षी छापून निघालं. ते रंगभूमीवर गाजवलं शाहूनगरवासी नाटक मंडळीनं. शाहूनगर म्हणजे आमचं सातारा. मंडळी 1881 सालची, इथलीच. हॅम्लेटचा चंद्रसेन झाला आणि चंद्रसेन झाले गणपतराव जोशी.

या माणसावर मला थोडं रेंगाळू द्या. गणपतरावांनी आयर्व्हिंग पाहिला नव्हता, इंग्लंड पाहिलं नव्हतं. प्रा. वासुदेव बाळकृष्ण केळकरांसारख्या जाणकारानं नाटक समजावून द्यायचं आणि यांनी ते अंगात मुरवायचं, अशी ती तालीम. सांगलीजवळच्या हरिपूरचे गोविंद बल्लाळ देवल यांनी ऑथेल्लोचा 'झुंझारराव' केला, तोही गणपतरावांनी गाजवला. शिवराम महादेव परांजप्यांचा मॅकबेथ, म्हणजे 'मानाजीराव', तोही. ज्यांनी हे पाहिलं त्यांनी पुढे आयुष्यभर त्याच्या आठवणी सांगितल्या. आपल्याकडे 'गणपतराव पाहिलेले' अशी प्रेक्षकांची एक जातच तयार झाली होती. ही माणसं विलायती नटाला भेटायला गेली नाहीत यात मला कमीपणा दिसत नाही. विलायती नाटकच टेंभूच्या माणसाच्या हातून साताऱ्याच्या नटाकडे आलं होतं. ते अपुरं आलं, बदलून आलं, हे खरं. आगरकर वाचून लिहीत होते आणि गणपतराव ऐकून करत होते. मधला दुवा, म्हणजे प्रत्यक्ष पाहणं, गळालेलाच होता. पण त्या गळण्यातूनच गणपतरावांना स्वतःचा हॅम्लेट सापडला असावा, असं मला वाटतं. आयर्व्हिंग पाहून आले असते तर कदाचित त्याचीच नक्कल घेऊन आले असते.

बालगंधर्वांची गोष्ट याहून जवळची. नारायण राजहंस मूळचे नागठाण्याचे, कृष्णाकाठचे. मुलाच्या कानाला दोष होता, म्हणून कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी त्याला मिरजेला डॉ. वानलेसांकडे पाठवलं. वानलेस कॅनडाहून आलेले मिशनरी. मिरजेचं रुग्णालय त्यांनी उभारलेलं. किर्लोस्कर नाटक मंडळीही तेव्हा मिरजेत होती. 1905 साली नारायणराव मंडळीत आले आणि मिरजेतच शकुंतला म्हणून उभे राहिले. कान दाखवायला गेलेला मुलगा महाराष्ट्राच्या कानांचा धनी होऊन बसला.

त्यांना पाहायला मात्र माणसं निघत. 8 जुलै 1921 रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी संयुक्त 'मानापमान' झालं. नाटक सांगलीच्या कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचं, भामिनी बालगंधर्व आणि धैर्यधर कोल्हापूरचे केशवराव भोसले. दोघे प्रतिस्पर्धी कंपन्यांचे मालक एका रात्रीपुरते एकत्र आले, आणि तिकिटांचे दर ऐकून डोळे फिरावेत अशा त्या प्रयोगाला गावोगावचे लोक मुंबईत उतरले. तीनच महिन्यांत केशवराव वारले. ज्यांनी ते एकदा पाहिलं त्यांनी पाहिलं. पुन्हा ते होणार नव्हतं. दादाला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "मुंबई म्हणजे काय परदेश?" हद्दींचा हिशेब करून पाहा. तेव्हाचा सांगलीकर पटवर्धनांचा प्रजाजन होता. शेजारी मिरज वेगळं, तासगाव इंग्रजांचं, औंध पंतप्रतिनिधींचं. नाटकासाठी पाच-सात कोस जायचं तरी राज्य ओलांडावं लागे.

आमच्या आजीनं ते ओलांडलं होतं. ती तासगावची. लग्नानंतर तीन-चार वर्षांनी आजोबा तिला बैलगाडीनं मिरजेला बालगंधर्वांच्या नाटकाला घेऊन गेले. कुठलं नाटक ते ती कधी 'स्वयंवर' सांगायची, कधी 'एकच प्याला'. पण पदर कसा होता, नथ कशी होती, हे मात्र दर वेळी तंतोतंत सारखं. त्या काळात बालगंधर्वांचं नेसणं पाहून बायका नेसणं शिकत, हे आपण पुस्तकांत वाचतो. मी ते आजीच्या निऱ्यांत पाहिलंय. खेळ संपला तेव्हा उजाडायला आलं होतं. आजोबा ओळखीनं आत गेले, मेकअप उतरलेल्या बालगंधर्वांना नमस्कार करून आले. आजी गाडीत बसून राहिली. बायकामाणसानं आत जायची रीत नव्हती. "कसे दिसत होते?" तिनं विचारलं. "आपल्यासारखेच," आजोबा म्हणाले. पुढची पन्नास वर्षं तिनं हाच प्रश्न अधूनमधून विचारला आणि आजोबांनी हेच उत्तर दिलं. आजोबा गेल्यावर ती मला विचारायची, जणू मी तिथे होतो.

1935 साली प्रभातच्या 'धर्मात्मा'त बालगंधर्व एकनाथ झाले, पुरुषवेषात पडद्यावर आले. लोकांना ते रुचलं नाही. आजीनं तो पाहिला नाही. पाहायला नको म्हणाली.

चित्रपटानं सगळा हिशेबच उलटा केला. नट गावात येईनासा झाला, त्याची सावली तेवढी यायला लागली, आणि सावलीला हद्दी नव्हत्या. फाळके 1912 साली लंडनला गेले ते यंत्रासाठी. पुढे चॅप्लिनची चित्रं गावोगाव गेली तेव्हा चॅप्लिन कुणाच्याच गावाला येणार नव्हता. गंमत अशी की चॅप्लिनलाच एका हिंदी माणसाला भेटायची ओढ होती. 22 सप्टेंबर 1931 रोजी लंडनच्या ईस्ट एंडमध्ये डॉ. कतियाल यांच्या घरी तो गांधीजींना भेटला. हे चॅप्लिन कोण, ते गांधीजींना आधी सांगावं लागलं होतं. जगभर ज्याच्यामागे गर्दी धावत होती, तो त्या दिवशी स्वतः गर्दीतून वाट काढत दुसऱ्या कुणाच्या भेटीला गेला. यंत्रांना इतका विरोध का, असं त्यानं गांधीजींना विचारलं.

साताऱ्यात 1927 साली जन्मलेले डॉ. श्रीराम लागू या वाटेवरचे फार वेगळे प्रवासी. कान-नाक-घशाचं पुढचं शिक्षण घ्यायला ते कॅनडा आणि इंग्लंडला गेले, नंतर टांझानियातल्या टबोऱ्याला डॉक्टरकी केली, आणि 1969 साली ती सोडून पूर्ण वेळ नट झाले. पुढच्याच वर्षी शिरवाडकरांचा 'नटसम्राट' आला. बालगंधर्व कानाच्या उपचारातून रंगभूमीवर आले आणि लागू कानाचे उपचार करायचे सोडून. कृष्णाकाठच्या नटांचं हे कानाशी काय नातं आहे, कुणास ठाऊक. आत्मचरित्राला लागूंनी 'लमाण' हे नाव दिलं. नाटककाराचा माल पाठीवर घालून इथून तिथे पोचवणारा तो लमाण. भाव्यांपासूनचा सगळा फिरस्तेपणा त्या एका शब्दात आहे.

अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळ 1981 साली स्थापन झालं आणि मराठी नाटकांचे तिकडचे दौरे रुळले. तिथली रीत मला भाच्यानं सांगितली. नट हॉटेलात कमी, मंडळाच्या सभासदांच्या घरीच जास्त उतरतात. काल ज्याला रंगमंचावर पाहिलं तो सकाळी स्वयंपाकघरात येऊन विचारतो, चहाची साखर कुठे आहे? प्रेक्षक देश सोडून गेला तर नट त्याच्यामागे सातासमुद्रापार. म्हणजे तिथेही रीत जुनीच, नटानंच निघून यायची.

एवढं सगळं जमल्यावर मी सांगलीला गेलो. दादाला म्हणालो, नटाला भेटायला परदेशी गेलेला आपल्या मुलखातला माणूस मला सापडला नाही. तो खूश झाला. मग मी म्हणालो, पण त्याचं कारण असं की नटच येत होते. ज्यांना आपल्या मुलखात यायची गरजच नाही, असे नट आता आपल्या पोरी पाहतात. मग निघायला कुणाला तरी लागणारच. वहिनी आतून म्हणाल्या, "आणि आल्या नटाला तरी सासूबाईंना कुठे भेटू दिलं होतं?" दादा गप्प झाला. त्याला ती बैलगाडी माझ्याहून जास्त आठवते. आजी त्याच्याकडेच असायची.

पुतणी मोबाइलवर मला सगळं दाखवत होती. कार्यक्रम दोन-अडीच तासांचा, प्रत्यक्ष समोरून जायचं ते काही सेकंद. फोटो काढायचा नाही, हातात हात द्यायचा नाही. एवढ्यासाठी एवढं? मी विचारलं. "काका," ती म्हणाली, "मला फक्त तो आपल्यासारखाच दिसतो का ते बघायचंय." आजीची गोष्ट तिला कुणी सांगितली होती का, ते मी विचारलं नाही.

निघताना तिनं एकच चौकशी केली, साताऱ्याचे कंदी पेढे किती दिवस टिकतात. मी म्हणालो, त्याला कुठे देऊ देणार आहेत तुला? ती म्हणाली, त्याला नाही, रांगेतल्या बायकांना. जपानहून, फिलिपिन्सहून येतात, सहा-सहा तास उभ्या असतात. मोती चौकातल्या पेढेवाल्याला विचारून कळवतो, असं सांगून मी गाडीत बसलो. तो म्हणाला, खरपूस भाजलेले घ्या, पंधरा दिवस काही होत नाही, आणि फ्रीजमध्ये मात्र ठेवू नका.