यंत्रविद्या : गुप्त आणि उघड

‘कुठे राजा भोज आणि कुठे गंगू तेली’ ही म्हण माळव्यात बाजारात हिंदीतून आणि आपल्या घरात मराठीतून सारख्याच सहजतेने ऐकू येते. म्हणीतला हा भोज परमार घराण्यातला. अकराव्या शतकाच्या पूर्वार्धात त्याची राजधानी धार येथे होती. काव्य, व्याकरण, शिल्प अशा नाना विषयांवरचे ग्रंथ त्याच्या नावावर आहेत. त्यांपैकी ‘समरांगणसूत्रधार’ हा वास्तुविद्येवरचा ८३ अध्यायांचा ग्रंथ असून त्यातला एकतिसावा अध्याय केवळ यंत्रांना वाहिलेला आहे. लाकडी पक्षी, दारावरचे यांत्रिक पहारेकरी, पाणी वर चढवणारी यंत्रे आणि कारंज्यांची घरे यांचे वर्णन त्यात येते. चांगले यंत्र कसे असावे हेही सांगितले आहे: सांधे नीट बसलेले, फार सैल नाही आणि फार घट्टही नाही, नको तिथे आवाज न करणारे आणि दीर्घकाळ टिकणारे.

एवढे सांगून ग्रंथकार एका जागी थांबतो. यंत्रे प्रत्यक्ष कशी जुळवावीत हे आपण मुद्दाम सांगत नाही, अज्ञानामुळे नव्हे तर गुप्ततेसाठी, असे तो स्वच्छ म्हणतो. परंपरेने आलेले ज्ञान, हस्तकौशल्य, गुरूचा उपदेश, शास्त्राचा अभ्यास आणि बुद्धी ज्याच्यापाशी आहे त्यालाच हे साधेल, असा त्याचा अभिप्राय. पुढे १९२४-२५ साली बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत टी. गणपतिशास्त्री यांनी हा ग्रंथ दोन भागांत संपादून छापला. धारच्या राजाचा ग्रंथ मराठी राज्याच्या खर्चाने जगापुढे आला, याचा आपल्याला आनंद वाटावा. तथापि छापून निघाले तेवढेच हाती आले. जे लिहिलेच नव्हते ते कोणत्याही छापखान्यातून बाहेर येणे शक्य नव्हते.

इतिहासाच्या विद्यार्थ्याला हा अध्याय आठवावा असा एक उद्योग मी गेली काही वर्षे देवासच्या घरी करीत आहे. आमचे घराणे मूळ धारचे. माझे मामा तेथे रेडिओ दुरुस्त करीत. त्या काळच्या अनेक रेडिओंच्या मागच्या झाकणाच्या आत त्याच यंत्राचा विद्युत्-नकाशा चिकटवलेला असे. मामा म्हणत, ‘‘बाळ, आधी बघ, मग वास घे, आणि सगळ्यांत शेवटी हात लाव.’’ पुढे मी एम. ए. इतिहासात केले, शाळेत शिरलो, मुख्याध्यापक झालो. पण त्या नकाशांचे वेड गेले नाही. हल्ली ते जुन्या डिजिटल ऑसिलोस्कोपवर येऊन स्थिरावले आहे.

ऑसिलोस्कोप म्हणजे विजेची नाडी पाहण्याचे यंत्र. डॉक्टरांकडे हृदयाचे ठोके पडद्यावर रेषेच्या रूपाने धावताना आपण पाहतो, तसा हा कोणत्याही विद्युत्-प्रवाहाचा चढउतार काढून दाखवतो. त्याचे मूळ १८९७ सालचे. जर्मन शास्त्रज्ञ कार्ल फर्डिनांड ब्राउन यांनी त्या वर्षी कॅथोड किरणांची नळी तयार केली आणि किरणांच्या टोकाने पडद्यावर रेघ उमटवून दाखवली. १९०९ साली मार्कोनीबरोबर त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले ते बिनतारी संदेशवहनासाठी. पण पुढे घराघरांत पोचलेला दूरदर्शन संचाचा जुना पडदाही याच नळीचा वंशज.

बहुतेक ऑसिलोस्कोपना दोन वाहिन्या असतात. एकाच पडद्यावर वर एक आणि खाली एक अशा दोन रेषा धावतात. जुन्या यंत्रांत तर पुष्कळदा किरण एकच असतो आणि तो दोन्ही रेषा आळीपाळीने इतक्या झपाट्याने काढतो, की आपल्याला त्या एकदमच दिसतात. देवासकरांना हे समजावून सांगावे लागत नाही. तुकोजी आणि जिवाजी या पवार बंधूंपासून थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन संस्थाने एकाच गावात नांदली, दोन दरबार, दोन राजवाडे. १९४८ साली दोन्ही मध्य भारतात विलीन झाली. शाळेत मुलांना दोन वाहिन्या शिकवताना मी हाच दाखला देतो.

दुसऱ्या महायुद्धात रडारमुळे सूक्ष्म काळाचे मोजमाप आवश्यक झाले. युद्ध संपल्यावर १९४६ साली हॉवर्ड व्होलम आणि जॅक मरडॉक यांनी सहकाऱ्यांसह अमेरिकेतील पोर्टलंड येथे टेक्ट्रॉनिक्स ही कंपनी काढली आणि १९४७ साली ५११ हा पहिला नमुना विकला. धावती लहर प्रत्येक वेळी त्याच ठिकाणापासून रेखाटायची म्हणजे ती पडद्यावर स्थिर दिसते, ही युक्ती या यंत्राने रुळवली. आमच्या विषयाच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की या कंपनीच्या यंत्रांबरोबर जाडजूड पुस्तिका येत. त्यांत संपूर्ण नकाशा, प्रत्येक भागाचे नाव आणि क्रमांक, कोणत्या बिंदूवर किती दाब असावा याचे आकडे आणि यंत्र कसे चालते याचे विवेचन असे. भोजराजाने जे झाकले ते यांनी उघड्यावर मांडले, आणि त्यामुळे त्यांचा धंदा बुडाला नाही, उलट वाढला. आपल्याकडेही ठाण्याची अप्लॅब आणि इंदूरची सायंटिफिक ही नावे महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत परिचयाची झाली.

१९७० नंतर या यंत्राचा स्वभाव पालटू लागला. डिजिटल ऑसिलोस्कोप लहरीची रेघ थेट ओढत नाही. तो ठराविक अंतराने तिचे माप घेतो, त्याचा आकडा करतो, आकडे स्मृतीत साठवतो आणि त्यांवरून चित्र काढतो. आठ बिटांच्या यंत्रात उंचीचे २५६ टप्पे असतात. एकदाच घडून गेलेली घटनाही तो धरून ठेवतो, हा मोठाच लाभ. परंतु या लाभाबरोबर दोन गोष्टी हरवल्या. भाग इतके बारीक आणि खास कंपनीपुरते झाले, की १९९० च्या सुमारास निघालेल्या पुष्कळ यंत्रांच्या पुस्तिकांत नकाशे उरले नाहीत. बिघडलेला सबंध बोर्ड बदला, एवढाच उपदेश राहिला. दुसरे असे की यंत्राने स्वतःविषयीचे ज्ञान स्वतःच्याच स्मृतीत ठेवले.

ही दुसरी गोष्ट थोडी उलगडून सांगतो. दुकानातली वजने तपासून त्यांवर सरकारी शिक्का मारतात, तसे ऑसिलोस्कोपचे कॅलिब्रेशन करावे लागते. जुन्या यंत्रात ते बारीक स्क्रू फिरवून होत असे. नंतरच्या यंत्रांत दुरुस्तीचे ते आकडे एका चिपमध्ये लिहिले गेले, आणि पुष्कळ यंत्रांत ती चिप काळ्या ठोकळ्यात बंद केलेल्या लिथियमच्या छोट्या सेलवर जिवंत राहते. अशा ठोकळ्यांचे हमीचे आयुष्य साधारण दहा वर्षे. कित्येक वीस-पंचवीस वर्षे टिकले. पण सेल संपला की सगळे आकडे पुसले जातात. पडदा उजळतो, बटणे चालतात, आणि तरीही यंत्राला स्वतःचे माप ठाऊक नसते. ते आकडे पुन्हा भरायला अचूक साधनांची प्रयोगशाळा लागते आणि तिचा खर्च जुन्या यंत्राच्या किमतीहून अधिक होतो.

आमच्या भागात ही यंत्रे येतात कोठून? देवासला किर्लोस्करांचा कारखाना आहे, नोटांचा छापखाना आहे. धार जिल्ह्यात पीथमपूर ही १९८० नंतर वाढलेली मोठी उद्योगनगरी आहे. अशा औद्योगिक पट्ट्यात जुनी उपकरणे मोडीत निघतात आणि भंगारात किलोच्या भावाने मिळतात. माझ्याकडचे पहिले यंत्र असेच आले. परदेशी बनावटीचे, तीस वर्षांचे, पडद्यावर चुकीची सूचना दाखवून थांबणारे.

अशा यंत्रात सर्वांत आधी स्मृती वाचवावी, नंतर बाकीचे. सेल जिवंत असेपर्यंत चिपमधले आकडे वाचून संगणकावर त्यांची प्रत ठेवायची. मग ती प्रत नव्या चिपमध्ये उतरवायची. हल्ली सेलशिवाय आकडे जपणाऱ्या फेरोइलेक्ट्रिक चिपही मिळतात आणि काही यंत्रांत त्या चालतात. दुसरे काम कपॅसिटरचे, ज्याला आपले दुरुस्तीवाले अजून कंडेन्सर म्हणतात. त्या काळातल्या अनेक कंपन्यांच्या यंत्रांत बोर्डाच्या पृष्ठभागावर बसवलेले छोटे कंडेन्सर झिरपतात आणि तो द्रव तांब्याच्या बारीक रेषा खाऊन टाकतो. सोल्डरिंगची उष्णता लागताच माशासारखा वास येतो. मामांचा वास घेण्याचा नियम इथे कामी येतो. कंडेन्सर काढायचे, बोर्ड स्वच्छ धुऊन पूर्ण वाळवायचा, तुटलेल्या रेषांवर बारीक तार जोडायची आणि नवे भाग बसवायचे. माझ्या यंत्राला या कामात दिवाळीची संपूर्ण सुटी लागली. एक इशारा मात्र देतो: काचेच्या नळीचा पडदा असलेल्या यंत्रात हजारो व्होल्टचा दाब असतो आणि बंद केल्यावरही तो काही काळ राहतो. जाणत्याच्या हाताखाली शिकल्याशिवाय झाकण उघडू नये.

सुधारणाही करता येतात. फ्लॉपीच्या जागी पेनड्राइव्ह घेणारा खण बसतो, मंदावलेल्या नळीऐवजी चपटा पडदा लागतो. काही नमुन्यांत तर स्वस्त आणि महाग यंत्राचा बोर्ड जवळजवळ एकच असतो. दोन-चार रोधक किंवा स्मृतीतली एखादी नोंद ठरवते की यंत्राने किती वेगाने मोजायचे. हे कळल्यावर माझ्यातला इतिहासाचा विद्यार्थी चकित झाला. यंत्राची ताकद धातूत होतीच, फक्त ती वापरण्याची परवानगी लेखी होती.

देवासपासून जवळच उज्जैनला सवाई जयसिंगाची अठराव्या शतकातली वेधशाळा आहे. ती मोडकळीला आल्यावर १९२३ साली माधवराव शिंदे यांनी तिचा जीर्णोद्धार केला आणि गोविंद सदाशिव आपटे हे तिचे पहिले अधीक्षक झाले. दोनशे वर्षांनी ती यंत्रे पुन्हा उभी करता आली, याचे कारण सरळ आहे. सम्राटयंत्राच्या भिंतीची तिरकी कड ध्रुवाकडे असते आणि तिचा कोन त्या गावाच्या अक्षांशाइतका, उज्जैनला सुमारे २३ अंश, असतो. म्हणजे त्या यंत्राचे कॅलिब्रेशन आकाशात आहे. दगड ढासळले तरी ज्याला भूमिती येते तो ते पुन्हा जुळवू शकतो. आमच्या ऑसिलोस्कोपचे माप मात्र बोटाच्या पेराएवढ्या ठोकळ्यात असते आणि तो ठोकळा मेला की कोणत्याही ताऱ्याकडे पाहून ते परत मिळत नाही.

म्हणून मला वाटते, यंत्राचे आयुष्य लोखंड-तांब्यावर जेवढे अवलंबून असते त्याहून अधिक ते त्याचे ज्ञान लिहिलेले आहे की नाही आणि ते पुढच्याला वाचता येते की नाही, यावर ठरते. आपल्या घरांतल्या मोडीतल्या कागदांचे हेच झाले. कागद शाबूत आहेत, वाचणारा गेला. भारत सरकारने २०२२ साली ‘दुरुस्तीचा हक्क’ या विषयावर समिती नेमली आणि त्याच वर्षाअखेर एक पोर्टलही सुरू केले. कंपन्यांनी पुस्तिका व सुटे भाग उपलब्ध करून द्यावेत, हा त्यामागचा विचार. तो स्वागतार्ह आहे. पण कायद्याने मिळालेली पुस्तिकासुद्धा कोणीतरी वाचावी लागते.

आमच्याकडे येणारी मुले निम्मी मराठी, निम्मी माळवी-हिंदी बोलणारी. प्रत्येक यंत्राची एक वही आहे. डाव्या पानावर मराठी, उजव्या पानावर हिंदी. कोणता भाग काढला, का काढला, कोठे किती व्होल्ट मिळाले, सारे दोन्ही भाषांत. भाषांतर करताना मुलांना आपल्याला नेमके काय समजले नव्हते ते कळते, हा अनपेक्षित फायदा. मराठी घरातली मुले पुढे नोकरीसाठी कोठेही जातील, आणि वह्या इथे राहिल्या तर शेजारच्या मुलालाही उपयोगी पडतील. भोजराजाने सांगितलेली परंपरा, कौशल्य, उपदेश, अभ्यास आणि बुद्धी ही पाचही आजही लागतात. त्यांत सहावी भर घालण्याची मुभा मी घेतो: स्वच्छ अक्षरातली उघडी वही.