आभाळातली डाक

'डाक' हा शब्द आज पत्रांपुरता उरला आहे. जुन्या वापरात डाक बसवणे म्हणजे लांबच्या वाटेवर टप्प्याटप्प्याने ताज्या दमाची माणसे आणि घोडी ठेवणे. थकलेल्याने थैली हाती द्यायची, ताज्याने ती पुढे न्यायची. पृथ्वीभोवती फिरणाऱ्या यानाशी अखंड बोलता यावे म्हणून उभारलेले रिले उपग्रह याच कुळातले.

त्यांची गरज अबोल्यातून निर्माण झाली. २० फेब्रुवारी १९६२ रोजी जॉन ग्लेन यांनी पृथ्वीला तीन प्रदक्षिणा घातल्या, तेव्हा त्यांचा आवाज ऐकण्यासाठी नासाने जगभर ठाणी बसवली होती: नायजेरियात कानो, मग झांझिबार, ऑस्ट्रेलियात मुचिया आणि वूमेरा, पुढे हवाई. मध्ये समुद्र आला, तिथे जहाजे उभी केली. तरी दीड तासाच्या प्रदक्षिणेत एकेका ठाण्याला यान दिसे ते जेमतेम पाच-सात मिनिटे. ते क्षितिजाखाली गेले की पुढच्या ठाण्यापर्यंत शांतता. ठाणी कितीही वाढवली तरी पृथ्वीची गोलाई आड येणारच होती.

उत्तर जमिनीवर नव्हते, वर होते. ऑक्टोबर १९४५ मध्ये 'वायरलेस वर्ल्ड' मासिकात आर्थर सी. क्लार्क यांनी सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवरच्या, पृथ्वीच्या गतीनेच फिरणाऱ्या तीन ठाण्यांची कल्पना मांडली होती. त्यांच्या डोळ्यांसमोर मुख्यतः जमिनीवरून जमिनीवर जाणारे संदेश होते. पुढच्या अभियंत्यांनी तीच उंची यानांसाठी वापरली. खाली २५०-३०० किलोमीटरवरून धावणारे यान तिथून निम्म्याहून थोड्या अधिक प्रदक्षिणेभर नजरेत राहते. यानाने खाली बोलायचेच नाही, वर बोलायचे. वरचा उपग्रह ते बोलणे एकाच जमिनीवरच्या ठाण्याकडे पोचवील.

या विचाराची मोठी परीक्षा १९७५ मध्ये झाली आणि तिचा धागा भारताशी जुळलेला आहे. नऊ मीटरची जाळीदार छत्री उघडणारा एटीएस-६ उपग्रह तेव्हा पूर्व आफ्रिकेच्या वर आणून ठेवला होता. जुलैमध्ये अपोलो आणि सोयूझ ही याने अंतराळात जोडली गेली, तेव्हा अपोलोचे बोलणे त्याने निम्म्याहून अधिक प्रदक्षिणेभर पोचवले. १ ऑगस्टपासून तोच उपग्रह सहा राज्यांतल्या २,४०० खेड्यांना दूरदर्शन दाखवू लागला. हा 'साइट' प्रयोग. त्याचे व्यवस्थापक होते कोल्हापुरात जन्मलेले एकनाथ चिटणीस. खुराड्याला लावतात तसल्या तारेच्या जाळीची छत्री गावात उभी राही आणि लोक चावडीपुढे जमत. अंतराळवीरांचा निरोप्या आणि खेड्याचा शिक्षक एकच होता, हे मला या साऱ्या कथेतले सर्वांत सुंदर पान वाटते.

कायमची डाक बसली ती एप्रिल १९८३ मध्ये. 'चॅलेंजर' यानातून नासाचा टीडीआरएस-१ हा रिले उपग्रह वर गेला, पण त्याला इच्छित कक्षेत नेणारे रॉकेट मध्येच गिरक्या घेऊ लागले आणि उपग्रह हजारो किलोमीटर खाली, लंबवर्तुळात अडकला. त्याच्याजवळ उरले होते ते केवळ तोल सावरण्यासाठीचे चिमुकले झोत, प्रत्येकाचा जोर अर्ध्या किलोहूनही कमी. दोन टनांहून जड असलेला तो उपग्रह अभियंत्यांनी त्या झोतांनीच, थोडा-थोडा करत, जूनअखेर जागेवर चढवला. त्याच वर्षी अंतराळयानातल्या स्पेसलॅब प्रयोगशाळेतली प्रयोगांची माहिती त्याच्यामार्फत न्यू मेक्सिकोतल्या व्हाइट सँड्स ठाण्यावर उतरू लागली. दुसरा उपग्रह मात्र २८ जानेवारी १९८६ रोजी 'चॅलेंजर'च्या दुर्घटनेत, सात अंतराळवीरांसह गेला. त्याची जागा भरायला १९८८ उजाडले.

एक फट तरीही राहिली. सगळे उपग्रह व्हाइट सँड्सला दिसायला हवेत, म्हणून जगाच्या पलीकडचा पट्टा उघडा पडे, आणि तो होता आपला हिंदी महासागर. १९९८ मध्ये ग्वाम बेटावर ठाणे झाले, तेव्हा ती फट बुजली.

टीडीआरएस-१ म्हाताऱ्या वयातही उपयोगी पडला. त्याची कक्षा कलत गेली, त्यामुळे तो दिवसाचे काही तास दक्षिण ध्रुवावरून दिसू लागला. १९९९ च्या हिवाळ्यात तिथल्या तळावर अडकलेल्या महिला डॉक्टरांना स्तनाचा कर्करोग झाला, तेव्हा अमेरिकेतल्या तज्ज्ञांशी त्यांचे बोलणे त्याच्यामार्फत झाले. २०१० मध्ये तो निवृत्त झाला.

दरम्यान सोव्हिएत संघ, युरोप, जपान आणि चीन यांनीही आपापली डाक बसवली. इस्रोनेही गगनयान या मानवी मोहिमेच्या गरजेतून दोन रिले उपग्रहांची योजना आखली आहे. या उपग्रहांची छायाचित्रे वृत्तपत्रांच्या पहिल्या पानावर येणार नाहीत, म्हणून त्यांचे काम दुय्यम मानू नये. आपला माणूस निघण्याआधी वाटेवर डाक बसलेली असावी.