सहा आठवडे की दहा वर्षं?

"बॉक्सिंग यायला किती वेळ लागतो हो?" जिममध्ये नुकतंच नाव घातलेला माणूस हा प्रश्न हमखास विचारतो. आपल्याला '२१ दिवसांत जावा' छाप पुस्तकांची सवय, त्यामुळे उत्तरही आकड्यातच हवं असतं. एका माणसाचा हिशोब मात्र इतिहासात अगदी तारीखवार सापडतो. तो मांडून बघू.

ऑक्टोबर १९५४. अमेरिकेतल्या केंटकी राज्यातलं लुइव्हिल शहर. कॅशियस क्ले नावाच्या १२ वर्षांच्या पोराची नवीकोरी सायकल चोरीला गेली. चोराला बदडून काढायच्या गोष्टी करत तो तक्रार द्यायला गेला, तो थेट तळघरातल्या जिममध्ये. तिथे जो मार्टिन हा पोलिस मुलांना बॉक्सिंग शिकवायचा. त्याचा सल्ला असा, की बदडायच्या आधी लढायला तरी शीक! साधारण सहा आठवड्यांत क्ले पहिली लढत खेळला आणि जिंकलाही. पण पंचांचं एकमत काही झालं नाही.

म्हणजे रिंगमध्ये उतरायला सहा आठवडे पुरतात. मग सफाईला किती?

मार्टिनच्या जोडीला फ्रेड स्टोनर हा दुसरा कोच, आणि हौशी गटातल्या शंभराच्या आसपास लढती. एवढं झाल्यावर १९६० साली रोममध्ये ऑलिंपिक सुवर्णपदक. सहा वर्षं झाली.

तरी कच्चे दुवे होतेच. हात खाली ठेवायचे आणि ठोसा आला की मागे झुकायचं, ही त्याची खोड जाणकारांना मुळीच पसंत नव्हती. फेब्रुवारी १९६२ मध्ये सनी बँक्सने आणि जून १९६३ मध्ये लंडनला हेन्री कूपरने त्याला चक्क खाली पाडलं. दोन्ही लढती क्लेनेच जिंकल्या, ही गोष्ट वेगळी.

खरी परीक्षा २५ फेब्रुवारी १९६४ ला, मायामी बीचवर. समोर जगज्जेता सनी लिस्टन. चौथ्या राउंडनंतर क्लेचे डोळे भयंकर चुरचुरायला लागले. लिस्टनला लावलेलं औषध डोळ्यांत गेलं असावं, असं मानतात. त्याला धड दिसेना. ग्लोव्ह्ज कापून काढा, असं तो म्हणायला लागला. कोच अँजेलो डंडीने डोळे पुसले आणि त्याला सरळ रिंगमध्ये ढकललं.

पाचवा राउंड त्याने जवळजवळ आंधळेपणाने काढला. गोल गोल सरकत राहायचं आणि डावा हात पुढे धरून लिस्टनला लांब ठेवायचं, बस्स! हळूहळू डोळे निवळले. सातव्या राउंडला लिस्टन स्टुलावरून उठलाच नाही. २२ वर्षांचा क्ले जगज्जेता झाला आणि काही दिवसांतच मुहम्मद अली.

त्या तीन मिनिटांत विचार करायला सवड नव्हती. पायांनी आणि डाव्या हाताने जे केलं, ते सव्वानऊ वर्षांच्या सरावातून आलेलं होतं. घाबरला तोही, पण पाय थांबले नाहीत. माझ्या मते 'बॉक्सिंग येणं' म्हणजे हेच.

तेव्हा आकडाच हवा असेल तर सहा आठवडे आहेतच... फक्त ते सुरुवातीचे समजा :)