‘अंतिम उकल’ : नाझी राजवटीची कार्यालयीन भाषा आणि युद्धोत्तर न्याय

गुन्ह्याचा निर्णय करताना न्यायालय प्रथम कृत्य पाहते आणि मग त्यामागील हेतू पाहते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात नाझी राजवटीने युरोपातील सुमारे साठ लाख ज्यूंची हत्या केली. या हत्येच्या बाबतीत मात्र न्यायालयांना त्याही आधीची एक पायरी ओलांडावी लागली. पुराव्यादाखल पुढे आलेल्या असंख्य सरकारी कागदांतील शब्दांचा अर्थ प्रथम निश्चित करावा लागला. कारण ज्या कार्यालयांतून ही हत्या योजली गेली, त्यांच्या टिपणांत ‘ठार मारणे’ हे क्रियापद क्वचितच आढळते. युद्धोत्तर न्यायाच्या इतिहासाचा एक मोठा भाग हा या दृष्टीने अर्थनिर्णयाचाही इतिहास आहे.

शब्दांचे हे काम हत्येच्या पुष्कळ आधी सुरू झाले होते. हिटलर ३० जानेवारी १९३३ रोजी चॅन्सेलर झाला आणि ७ एप्रिल १९३३ रोजी एक कायदा जाहीर झाला. ‘व्यावसायिक नोकरवर्गाची पुनःस्थापना’ असे त्याचे नाव होते. प्रत्यक्षात त्याने ‘अनार्य’ नोकरांना सरकारी सेवेतून दूर केले. या कायद्यातील ‘आर्य’ हा शब्द भारतीय वाचकाच्या परिचयाचा आहे. तुलनात्मक भाषाशास्त्राने तो एका भाषाकुलाच्या संदर्भात वापरात आणला होता आणि वंशाला तो लावणे अशास्त्रीय आहे, असा स्पष्ट इशारा मॅक्स म्यूलरने १८८८ मध्येच दिला होता. तरीही हा शब्द कायद्याच्या व्याख्येत जाऊन बसला. १९३५ च्या न्यूरेंबर्ग कायद्यांनी आणि त्यांखालील नियमांनी ज्याच्या चार आजी-आजोबांपैकी तीन ज्यू असतील तो ज्यू, असे ठरविले. हे आजी-आजोबा ज्यू कशावरून, तर ते ज्यू धर्मसमाजाचे सभासद होते यावरून! रक्ताची म्हणून जी व्याख्या केली गेली, तिला धर्मसमाजाच्या नोंदवह्यांखेरीज आधार नव्हता. व्याख्येतील ही विसंगती अंमलबजावणीच्या आड आली नाही. १९३८ च्या ऑगस्टमधील हुकुमान्वये, ठरीव यादीबाहेरचे नाव असलेल्या प्रत्येक ज्यू पुरुषाला ‘इझ्राएल’ आणि स्त्रीला ‘सारा’ हे जादा नाव धारण करणे भाग पडले. त्याच वर्षी ९ व १० नोव्हेंबरला सिनेगॉगे जाळली गेली, सुमारे ३०,००० ज्यू पुरुषांना अटक झाली आणि प्रायश्चित्ताच्या नावाखाली एक अब्ज मार्कांचा दंड ज्यूंवरच बसविण्यात आला. सप्टेंबर १९४१ पासून जर्मनीतील ज्यूंना अंगावर पिवळा तारा लावण्याची सक्ती झाली. ड्रेस्डेन येथील रोमान्स भाषांचे प्राध्यापक व्हिक्टर क्लेम्पेरर यांना १९३५ मध्ये अध्यासन गमवावे लागले. या सर्व काळात त्यांनी राजवटीच्या भाषेच्या नोंदी गुप्तपणे ठेवल्या आणि १९४७ मध्ये त्या ग्रंथरूपाने प्रसिद्ध केल्या.

जून १९४१ मध्ये सोव्हिएत रशियावर आक्रमण झाल्यानंतर सामुदायिक हत्येला प्रारंभ झाला. सैन्यामागून जाणाऱ्या विशेष पथकांचे अहवाल आकड्यांच्या बाबतीत काटेकोर असत. कीव्ह शहराजवळ बाबी यार येथे २९ व ३० सप्टेंबर १९४१ या दोन दिवसांत ३३,७७१ ज्यू मारले गेले, ही संख्या अशाच एका अहवालातून मिळते. तेथे योजलेल्या जर्मन क्रियापदाचा अर्थ ‘देहदंडाची अंमलबजावणी करणे’ असा होतो. देहदंड म्हटला की आरोप, न्यायाधीश आणि शिक्षा गृहीत धरली जाते. यांपैकी तेथे काहीही नव्हते. मध्यवर्ती कार्यालयांची भाषा याहून अधिक झाकलेली होती. हद्दपारीला ‘वस्तीबदल’ आणि हत्येला ‘विशेष वागणूक’ हे शब्द रूढ झाले. पुढे हे शब्दही उघडे वाटू लागले. एस. एस. संघटनेचा संख्याशास्त्रज्ञ कोरहेर याने १९४३ मध्ये हिमलरसाठी अहवाल तयार केला, तेव्हा ‘ज्यूंना विशेष वागणूक’ हा उल्लेख कोठेही राहू नये, असे त्याला कळविण्यात आले. त्यानुसार १२,७४,१६६ माणसे पोलंडमधील छावण्यांतून ‘पार करविली’ गेल्याची नोंद झाली. ती छावण्यांत गेली होती. बाहेर पडण्याचा मार्ग त्यांना नव्हता.

या शब्दसंग्रहाच्या केंद्रस्थानी ‘एन्डल्योझुंग’ म्हणजे ‘अंतिम उकल’ हा शब्द आहे. उकल कोड्याची असते, गणिताची असते. एका मानवसमूहाच्या अस्तित्वाला आधी ‘प्रश्न’ म्हटले की त्याला ‘उत्तर’ असलेच पाहिजे, हे ओघाने येते. मराठीत ‘निकाल लावणे’ हा प्रयोग प्रकरणाच्या बाबतीतही होतो आणि माणसाच्या बाबतीतही. परंतु दुसऱ्या प्रयोगातील हिंसा ऐकणाऱ्यापासून लपत नाही. जर्मन शब्दाची सोय अशी की, तो लिहिणाऱ्यास कोणतेही चित्र डोळ्यांपुढे न आणता कागद पुढे सरकविता येत असे.

न्यूरेंबर्ग येथील आंतरराष्ट्रीय लष्करी न्यायाधिकरणाचे काम २० नोव्हेंबर १९४५ ते १ ऑक्टोबर १९४६ या काळात इंग्रजी, फ्रेंच, रशियन आणि जर्मन या चार भाषांत, तत्क्षणी होणाऱ्या भाषांतराच्या साहाय्याने चालले. मार्च १९४६ मध्ये अमेरिकन अभियोक्ता जॅक्सन याने गोअरिंगपुढे त्याचेच ३१ जुलै १९४१ चे हाइड्रिखला लिहिलेले पत्र ठेवले. भाषांतरात ‘अंतिम उकल’ असे शब्द होते. गोअरिंगने हरकत घेतली : मूळ शब्द ‘गेझाम्टल्योझुंग’, म्हणजे ‘समग्र उकल’, असा आहे. त्या वाक्यापुरती ती हरकत खरी होती. परंतु त्याच पत्राच्या पुढच्या वाक्यात ‘एन्डल्योझुंग’ हा शब्दही आहे. न्यायाधिकरणाने निकालपत्रात ‘समग्र उकल’ हाच अनुवाद स्वीकारला आणि तरीही गोअरिंगला दोषी ठरवून देहदंड दिला. शब्दाचा अर्थ कोशावरून न ठरविता त्याच्या मागोमाग काय घडले यावरून ठरवावयाचा, ही दृष्टी त्या निर्णयात दिसते. बर्लिनमधील वानझे येथे २० जानेवारी १९४२ रोजी झालेल्या बैठकीचे इतिवृत्त तेव्हा हाती आलेले नव्हते. तीस प्रतींपैकी एकच प्रत मार्च १९४७ मध्ये परराष्ट्र खात्याच्या दप्तरात सापडली. हाइड्रिखच्या अध्यक्षतेखाली पंधरा जणांनी तेथे युरोपातील एक कोटी दहा लाखांहून अधिक ज्यूंचा विचार केला होता. इतिवृत्तात शब्द आहेत ते ‘स्थलांतर’ आणि ‘यथोचित वागणूक’ हे.

झाकणारे शब्द उलगडणे जितके आवश्यक होते, तितकेच नवा शब्द घडविणेही आवश्यक होते. पोलंडचा ज्यू विधिज्ञ राफाएल लेमकिन याने १९४४ मध्ये ग्रीक ‘गेनोस’ आणि ‘वध करणे’ या अर्थाच्या लॅटिन धातूपासून आलेला प्रत्यय यांच्या संयोगातून ‘जेनोसाइड’ हा शब्द तयार केला. मराठीत त्यास वंशसंहार म्हणतात. न्यूरेंबर्गच्या आरोपपत्रात तो आला, निकालपत्रात मात्र आला नाही. संयुक्त राष्ट्रसंघाने ९ डिसेंबर १९४८ रोजी केलेल्या कराराने त्याला कायद्यात स्थान दिले. भारताने या करारास १९५९ मध्ये मान्यता दिली.

वानझेच्या इतिवृत्ताचा अर्थ त्याच्या लेखकाकडूनच वदवून घेण्याचा प्रसंग १९६१ मध्ये जेरुसलेम येथे आला. बैठकीत मारणे, संपविणे, नष्ट करणे याच गोष्टी उघड बोलल्या गेल्या आणि आपण त्या कार्यालयीन भाषेत उतरविल्या, अशा आशयाची कबुली आइखमनने साक्षीत दिली. कार्यालयीन भाषा हीच आपली एकमेव भाषा, असेही तो म्हणाला. १९६२ मध्ये त्याला फाशी देण्यात आली.

जर्मन न्यायालयांचा मार्ग अधिक बिकट होता. फ्रांकफुर्ट येथे फ्रिट्झ बाउअर यांच्या प्रयत्नांतून उभा राहिलेला ऑशविट्झ खटला डिसेंबर १९६३ ते ऑगस्ट १९६५ पर्यंत चालला. जुन्या दंडसंहितेप्रमाणे प्रत्येक आरोपीचे स्वतःचे विशिष्ट कृत्य सिद्ध करावे लागे. त्यामुळे ज्यांचे हात केवळ कागदावर चालले होते, असे बहुसंख्य लोक सुटून गेले. २०११ मध्ये म्युनिक येथील न्यायालयाने सोबिबोरच्या पहारेकऱ्याच्या खटल्यात निराळी भूमिका घेतली : केवळ हत्येसाठीच चालविलेल्या ठिकाणी जाणीवपूर्वक सेवा करणे हेच हत्येस साहाय्य होय. अपिलाचा निर्णय लागण्यापूर्वी तो आरोपी मरण पावला. पण भूमिका टिकली. डिसेंबर २०२२ मध्ये इट्झेहो येथील न्यायालयाने स्टुटहॉफ छावणीच्या अधिपतीच्या कार्यालयातील लघुलेखिकेला १०,५०५ हत्यांना साहाय्य केल्याबद्दल दोषी ठरविले आणि ऑगस्ट २०२४ मध्ये वरिष्ठ न्यायालयाने तो निर्णय कायम केला. शिक्षा दोन वर्षांची आणि तीही स्थगित होती. सत्त्याण्णव वर्षांच्या वृद्धेला याहून अधिक काय देणार, असे कोणी म्हणेल. त्या निकालाचे महत्त्व शिक्षेत नाही. जो कागद लिहिला जातो त्याच्या अर्थाची जबाबदारी लिहिणाऱ्या हातावरही पडते, हे न्यायाने मान्य केले. मात्र ते मान्य होईपर्यंत असे बहुतेक हात काळाच्या आड गेले होते.