थापी कुणाच्या हातात?



आपलं सिद्धेश्वरचं धरण १९६८ साली पूर्ण झालं. वर येलदरी, खाली सिद्धेश्वर. पूर्णेचं पाणी इथूनच कालव्यात वळतं. भिंत सहा किलोमीटरांहून लांब, आणि बहुतेक मातीची. त्या काळी अशा कामांवर डोक्यावरून माती वाहायला बाया असायच्याच. पण गवंडी म्हटलं की पुरुष आणि बिगारी म्हटलं की बाई, ही वाटणी तेव्हाही होती. अजून फारशी हललेली नाही.

मग १९७२ चा दुष्काळ आला. गावोगावच्या बायांनी खडी फोडली, तलावांवर माती टाकली. त्यातूनच १९७७ चा रोजगार हमी कायदा झाला. कायदा मोठा, बाई-पुरुषाला एकच दर देणारा. पण त्याने हमी दिली ती अकुशल कामाची. दहा वर्षं रोहयोवर राबलेल्या बाईच्या हाती हजेरी लागली, हुन्नर लागला नाही. माझ्या मते आपल्या बायांची खरी अडचण तिथेच आहे.

आता किल्लारीचं ऐका. ३० सप्टेंबर १९९३, पहाटेची वेळ. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत भूकंपाने जवळपास आठ हजार माणसं गेली. दगड-मातीच्या जाडजूड भिंती आणि त्यावर मातीचं जड माळवद. आपल्याकडेही जुनी घरं तशीच की! भिंतीचे आतले आणि बाहेरचे दगड एकमेकांत गुंतलेले नव्हते, म्हणून भिंती फुटल्या. उपाय साधा होता: भिंतीच्या आरपार जाणारे लांब दगड मधेमधे बसवायचे, वरून सळई-काँक्रीटचा पट्टा फिरवायचा, माळवदावरची माती कमी करायची.

काही गावं नव्याने बांधली गेली. पण हजाराहून जास्त गावांत घरांची दुरुस्ती मालकांनीच करायची होती, सरकार पैसे हप्त्याने देणार. पण पट्टा कसा टाकायचा हे घरोघरी सांगणार कोण? तेव्हा प्रेमा गोपालन यांच्या स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेच्या मदतीने महिला मंडळांतल्या बायांना 'संवाद सहायक' नेमलं. या बाया बांधकाम शिकल्या, गवंड्याच्या कामावर नजर ठेवू लागल्या. घमेलं वाहणारी बाई ओळंबा धरून 'भिंत कलली आहे' म्हणाली, तर ऐकणाऱ्याला किती जड गेलं असेल!

पुढे झारखंडमध्ये शौचालयांच्या मोहिमेत गवंडी कमी पडले, तेव्हा हजारो बाया थापी धरायला शिकल्या. त्यांना तिथे 'रानी मिस्त्री' म्हणतात. नाव गोड आहे, पण मला त्याहून मिस्त्रीची मजुरी महत्त्वाची वाटते.

शिकायचं कुठे, हे विचारणारच तुम्ही. २०१६ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागात गवंडीकामाचं ४५ दिवसांचं मोफत प्रशिक्षण आहे. ते वर्गात नाही, बांधत असलेल्या घरकुलावरच होतं. पाया आखणं, गुण्या लावणं, वीट रचणं, गिलावा, सगळं हाताने. शेवटी परीक्षा आणि प्रमाणपत्र. म्हणजे शेजारच्या गावात घरकुलं चालू असतील, तर पोरं सोडून लांब जायला नको. पंचायत समितीत बचत गटाच्या नावाने अर्ज नेला, तर एकटीपेक्षा जास्त ऐकतात. याशिवाय बँकांच्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था आहेत. मूळ कल्पना १९८२ सालची, कर्नाटकातल्या उजिरेची. तिथे राहणं-जेवणही फुकट. कोणी दलाल 'फी भरा' म्हणाला, तर भरू नका.

आणि एक. वर्षात ९० दिवस बांधकामावर काम केलं असेल, तर इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नाव नोंदवता येतं, वय १८ ते ६० हवं. त्यासाठी बिगारी असलात तरी चालतं. ९० दिवसांचा दाखला ठेकेदाराकडून किंवा ग्रामसेवकाकडून घ्यायचा, आणि तो काम चालू असतानाच मागायचा. काम संपलं की ठेकेदार सापडत नाही.