तो मुका हाय, पण बोलतो की

मुळशीत गावोगाव फिरताना सुरुवातीला मी सरळ विचारायचे, "गावात कोणी स्वमग्न आहे का?" उत्तर ठरलेलं: नाही. पौडच्या पुढे एका आजींनीही तेच सांगितलं, वर म्हणाल्या, "आमचा नातू हाय, पण तो मुका." अजिबातच बोलत नाही का? "बोलतो की. आपण बोलू तेच परत बोलतो."

तुम्ही संशोधनाची तयारी करताय, तर इथे जरा थांबा. ऐकलेलं वाक्य जसंच्या तसं परत म्हणणं, स्वतःलाच 'तू' म्हणणं, हे लिओ कॅनर यांनी १९४३ साली अमेरिकेत ११ मुलांवर लिहिलेल्या लेखात नोंदवलं. ऑटिझमचा अभ्यास तिथून सुरू झाला असं आपण पाठ करतो. पण त्यातल्या पहिल्या मुलाचा बराचसा तपशील आला तो त्याच्या वडिलांनी डॉक्टरांना धाडलेल्या ३३ पानी टंकलिखित पत्रातून! म्हणजे आधी पाहिलं घरच्यांनी.

या विषयावरचं पुस्तक हातात घेतलं की म्हणून आधी बघा, बोलतंय कोण. १९६७ हे एकच वर्ष घ्या. ब्रूनो बेटेलहाइम यांचं 'द एम्प्टी फोर्ट्रेस' आलं. मुलाच्या अवस्थेचं खापर त्यात आईबापांवर, त्यातही आईवर, फोडलेलं. त्याच वर्षी क्लारा पार्क या आईनं आपल्या मुलीबद्दल 'द सीज' लिहिलं. गंमत बघा, दोन्ही नावांत किल्लाच आहे. एकाच्या मते तो रिकामा, दुसरी त्याला वेढा घालून बसलेली. आतलं माणूस स्वतः कुठेच बोलत नाही.

ते बोललं १९८६ मध्ये, टेंपल ग्रँडिन यांच्या 'इमर्जन्स'मध्ये. पुढे १९९५ च्या 'थिंकिंग इन पिक्चर्स'मध्ये त्यांनी आपलं मन चित्रांत विचार करतं असं लिहिलं, आणि सगळ्याच स्वमग्नांचं तसं असणार असं धरून चालल्या. ती चूक होती, हे नंतर त्यांनीच मान्य केलं. (स्वतःचं गृहीतक असं मोडता आलं पाहिजे, मला अजून जमत नाही.) आपल्याकडचा तितो मुखोपाध्याय कर्नाटकात वाढला. त्याचं 'बियॉन्ड द सायलेन्स' २००० साली आलं. त्याच्या आईच्या शिकवण्याच्या पद्धतीवर अजून वाद चालू आहे, तोही वाचा.

आता कागदांकडे या. १९९५ च्या अपंगांसाठीच्या कायद्यात ऑटिझम नव्हताच. तो आला १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात, आणि २०१६ च्या कायद्यातल्या २१ प्रकारांत त्याला जागा मिळाली. त्यामुळे जुन्या दाखल्यांत 'स्वमग्न' शोधाल तर हाती काही लागणार नाही. 'मतिमंद' शोधा, 'मुका' शोधा, शाळा सोडल्याची कारणं वाचा. प्रत्येक 'मतिमंद' स्वमग्न नसतो, हे विसरू नका. पण वाट तिथूनच जाते.

मीही प्रश्न बदलला. परत गेले तेव्हा आजींचा नातू जवळ येऊन म्हणाला, "तुला च्या पायजे का?" मी म्हटलं, नको रे.

आजी हसल्या. "तुमाला नाय इचारत तो. त्यालाच पायजे."